कंपनी बदलण्याआधी आमचा फोन तपासून द्या: दूरसंचार नियामक प्राधिकरणास नाशिकहून खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय: मोबाइल क्रमांक पोर्ट करण्यापूर्वी ग्राहकाचा फोन आणि त्याच्या राहत्या ठिकाणची रेंज तपासून देणे कंपन्यांना बंधनकारक करण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, क्रमांक तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याचा जो हक्क आपल्या प्राधिकरणाने आम्हा ग्राहकांना मिळवून दिला, तो बजावताना ज्या एका प्रश्नाचे उत्तर ग्राहकाला सर्वांत आधी हवे असते, ते देण्याची जबाबदारी पोर्टिंगच्या नियमांत कोणावरच टाकलेली नाही. प्रश्न साधा आहे. माझ्याकडे आज जो फोन आहे तोच फोन, मी जिथे राहतो त्याच घरात, नव्या कंपनीच्या कार्डावर नीट चालेल का? दुकानदार ‘चालेल की’ म्हणतो, कंपनीचा माणूस ‘सगळीकडे फुल रेंज आहे’ म्हणतो आणि ग्राहक त्या भरवशावर कार्ड बदलतो. हे उत्तर तोंडी न राहता तपासणीनंतर लेखी मिळावे आणि ते चुकीचे निघाल्यास ग्राहकाला लगेच परत फिरता यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकमध्ये तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक फोनच्या अडचणी घेऊन घरी येतात. त्यांत निफाड आणि दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार असतात, सातपूर व अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार असतात, पेठ आणि सुरगाण्याहून शिकायला आलेली मुले असतात. कंपनी बदलल्यानंतरच्या तक्रारी मी जेवढ्या पाहिल्या, त्यांतील बऱ्याच तक्रारींत फोन बिघडलेला नव्हता आणि नव्या कंपनीचे कार्डही बिघडलेले नव्हते. ती दोन एकमेकांना जुळत नव्हती, आणि हे कार्ड घेण्याआधी काही मिनिटांत कळू शकले असते.

आपल्या कामाबद्दल कृतज्ञता आहे, हे आधी नोंदवतो. २००९ साली विनियम निघाले, २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय मिळाली. ३ जुलै २०१५ पासून एका सेवा क्षेत्रातून दुसऱ्या सेवा क्षेत्रातही क्रमांक नेता येऊ लागला. नाशिककरांना याचे मोल विशेष आहे, कारण मुंबई, नवी मुंबई, कल्याण हा भाग दूरसंचाराच्या हिशेबात मुंबईच्या वेगळ्या क्षेत्रात मोडतो आणि नाशिक गोव्यासह महाराष्ट्राच्या क्षेत्रात. नोकरीसाठी मुंबईत राहून परतलेल्या माणसाला तोपर्यंत क्रमांकावर पाणीच सोडावे लागे. पुढे १६ डिसेंबर २०१९ पासून सगळी प्रक्रिया नव्याने बसवली गेली आणि त्याच सेवा क्षेत्रातील बदल कामकाजाच्या ३ दिवसांत, तर क्षेत्राबाहेरचा ५ दिवसांत पूर्ण होऊ लागला. डिसेंबर २०२१ मध्ये, ज्यांच्या रिचार्जमध्ये एसएमएसची सोय नाही अशा प्रीपेड ग्राहकांनाही पोर्टिंगचा संदेश पाठवता आलाच पाहिजे, असा आदेश आपण दिला. तो कमी पैशांचे रिचार्ज करणाऱ्या गरीब माणसाच्या बाजूचा होता आणि आम्हाला तो लक्षात आहे.

आता या प्रक्रियेत तपासले काय जाते, ते पाहावे. ग्राहक इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द आणि त्यापुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवतो. त्यावर यंत्रणा जुन्या कंपनीकडून तत्काळ खातरजमा करून घेते: पोस्टपेडचे बिल थकलेले आहे का, या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झाले आहेत का, क्रमांक दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज चालू आहे का, न्यायालयाची मनाई आहे का. हे सर्व ठीक असेल तरच आठ अक्षरांचा यूपीसी हा संकेतांक मिळतो आणि आपल्याकडे तो चार दिवस वैध असतो. १ जुलै २०२४ पासून त्यात आणखी एक अट आली, ती म्हणजे सिम बदलून घेतल्यापासून सात दिवस हा संकेतांक मिळत नाही. फसवणुकीला आळा घालण्यासाठी ती आवश्यकच होती. एवढ्या सगळ्या तपासण्या ग्राहकाच्या आहेत. ज्या कंपनीकडे तो निघाला आहे, तिचे जाळे त्याच्या फोनला आणि त्याच्या गावाला पुरे पडते का, याची एकही तपासणी त्यांत नाही.

आपल्याकडे फोन बहुधा कोणत्याही कंपनीच्या कुलपाविना, म्हणजे अनलॉक स्थितीतच विकले जातात. अमेरिकेत हप्त्यांच्या करारावर मिळणारा फोन बहुधा करार संपेपर्यंत त्याच कंपनीला बांधलेला असतो आणि ब्रिटनमध्ये असे बांधलेले फोन विकण्यास डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. आपल्याला तो प्रश्न फारसा भेडसावला नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्यामुळे एक समज रूढ झाला, की फोन मोकळा आहे म्हणजे त्यात कोणतेही कार्ड सारखेच चालणार. तसे होत नाही. कुलूप नसलेला फोन दुसऱ्या कंपनीचे कार्ड नाकारत नाही, इतकेच खरे. त्या कंपनीच्या लहरी पकडण्याची क्षमता त्यात आहे की नाही, हा पूर्ण वेगळा विषय आहे.

प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या पट्ट्यांवर सेवा देते. बीएसएनएलची ४जी सेवा प्रामुख्याने ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ च्या लिलावात कोणीच घेतला नव्हता आणि २०२२ मध्येच तो एका खासगी कंपनीने प्रथम घेतला, त्यामुळे त्याआधी भारतात विकल्या गेलेल्या अनेक फोनमध्ये हा पट्टा पकडण्याची सोयच दिलेली नाही. अशा फोनच्या खोक्यावर ४जी लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. पण गावाजवळचा टॉवर ७०० वर चालत असेल, तर त्या फोनला तो टॉवर दिसतच नाही, आणि शेजाऱ्याच्या नव्या फोनला त्याच अंगणात त्याच कंपनीची भरपूर रेंज असते. सामान्य माणूस याचा अर्थ काय लावणार? तो आधी कार्ड बदलून मागतो, मग फोन दुरुस्तीला टाकतो, आणि दोन्हीकडे ‘यात काही बिघाड नाही’ हेच ऐकून घरी येतो.

बोलण्याच्या सेवेतही हाच घोळ आहे. जिओचे जाळे २०१६ मध्ये थेट ४जीवरच सुरू झाले. त्यामागे २जी किंवा ३जी नाही. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांच्याकडे साध्या फोनसाठी २जी अजून आहे. ज्या फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून थेट बोलण्याची सोय, त्या त्या कंपनीसाठी चालू असेल, त्याच फोनवर जिओसारख्या जाळ्यात नेहमीसारखे बोलता येते. परदेशातून मुलांनी पाठवलेले चांगले महागडे फोन येथे आणल्यावर इंटरनेट उत्तम चालते आणि फोन मात्र लागत नाही, असे घडते ते बहुतेक वेळा याचमुळे: निर्मात्याने त्या मॉडेलमध्ये आपल्या कंपन्यांसाठी व्होल्टी सुरू केलेले नसते. ५जीचेही तसेच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी आले, पण जिओने ते ४जीचा आधार न घेता स्वतंत्र गाभ्यावर, म्हणजे स्वतंत्र मध्यवर्ती यंत्रणेवर उभारले आणि एअरटेलने मुख्यतः ४जीच्या आधारावर, त्यामुळे एका ठिकाणी ५जी दाखवणारा सुरुवातीच्या काळातला फोन दुसऱ्या ठिकाणी ४जीवरच अडून राहू शकतो. हे तपशील दूरसंचाराशी संबंधित माणसांना पाठ आहेत. ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्यालाच ते ठाऊक नाहीत.

आमच्या जिल्ह्याची ठेवण पाहिली, तर या अज्ञानाची किंमत केवढी आहे ते ध्यानात येईल. गंगापूर रस्त्यावर किंवा इंदिरानगरमध्ये एका कंपनीची रेंज गेली, तर गल्ली ओलांडून दुसरी मिळते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील पाड्यांवर डोंगर मध्ये येतात, टॉवर विरळ आहेत, आणि कित्येक ठिकाणी उपयोगाची अशी एकच कंपनी असते. कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतूनही तुलनेने चांगल्या शिरतात, म्हणून ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झचे महत्त्व तिथे सर्वाधिक आहे. आणि नेमके तिथेच लोकांच्या हातात जुने किंवा कोणीतरी वापरून दिलेले फोन असतात.

माझ्या परिचयातील एका शिक्षकांचे उदाहरण देतो. शाळा डोंगराळ भागातील, घर नाशिकमध्ये. रिचार्जचे दर वाढल्यावर त्यांनी शहरातील दुकानात क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेला. दुकानात फोन उत्तम लागला, घरीही लागला. शाळेच्या गावी मात्र त्यांच्या फोनला दिवसभर रेंज येईना, आणि त्याच कंपनीचे कार्ड वापरणाऱ्या सहकाऱ्याच्या फोनला येत होती. मी त्यांच्या फोनचे मॉडेल पाहिले, तेव्हा त्या गावातील टॉवरचा पट्टा त्यात नसल्याचे दिसले. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने फोन बदलण्याचा सल्ला दिला. परत जुन्या कंपनीकडे जावे म्हटले, तर ९० दिवसांची अट आडवी आली. त्या काळात शाळेच्या ऑनलाइन कामासाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी त्यांनी जुन्या कंपनीचे वेगळे कार्ड विकत घेतले, म्हणजे पैसे वाचवायला निघालेला माणूस दोन रिचार्ज करत बसला.

यावर कोणी म्हणेल की पोर्टिंगचा अर्ज केल्यापासून २४ तासांत तो मागे घेण्याची सोय नियमांत आहेच. ती आहे, पण तिचा इथे उपयोग नाही. त्या २४ तासांत ग्राहकाचा फोन जुन्याच कंपनीवर चालू असतो. नव्या कंपनीची रेंज कशी आहे हे त्याला कळते ते नवे कार्ड सुरू झाल्यावर, आणि कार्ड सुरू झाले की परतीची वाट ९० दिवसांसाठी बंद होते. चप्पल घेतानाही माणूस आधी पायात घालून चार पावले चालून पाहतो. इथे अनुभव येण्यापूर्वीच मन बदलण्याची मुभा आहे आणि अनुभव आल्यानंतर नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की पोर्टिंगचा अर्ज घेण्यापूर्वी नव्या कंपनीने ग्राहकाच्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक घेऊन तो फोन तिच्या कोणत्या पट्ट्यांवर चालेल, त्यावर व्होल्टीने बोलता येईल का आणि ५जी मिळेल का, हे लेखी कळवावे. यात अवघड असे काही नाही. आयएमईआयच्या १५ अंकांपैकी पहिल्या आठ अंकांवरून फोनचे मॉडेल ओळखता येते. वैध आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्याचा निर्णय सरकारने २००९ मध्येच अमलात आणला होता, आणि आज दूरसंचार विभागाच्या १४४२२ या क्रमांकावर आयएमईआय पाठवला की फोनचा निर्माता व मॉडेल कोणते ते उत्तरादाखल येते. कंपनीच्या जाळ्यात फोन शिरतो तेव्हा हा क्रमांक तिला कळतोच. मॉडेलवरून त्याचे पट्टे सांगणारी यादी कंपन्यांच्या अभियंत्यांकडे असते. राहते ते एवढेच, की ही माहिती काउंटरवर बसलेल्या मुलाच्या पडद्यावर यावी आणि ग्राहकाच्या हातात मराठीत पडावी.

दुसरी मागणी रेंजबाबतची. सेवेच्या गुणवत्तेविषयी २०२४ मध्ये आपण केलेल्या विनियमांनुसार कंपन्यांना २जी, ३जी, ४जी, ५जी अशा तंत्रज्ञानानुसार आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ही फार मोलाची तरतूद आहे. पण नकाशा पाहण्यासाठी इंटरनेट आणि थोडी सवय लागते, आणि ज्याला रेंजचीच अडचण आहे त्याने तो पाहायचा कुठे? अर्ज घेताना ग्राहकाला त्याचे गाव, पाडा किंवा वसाहत विचारून, तिथे कोणते तंत्रज्ञान आणि कोणता पट्टा उपलब्ध आहे हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावे. फोनची क्षमता आणि गावातील टॉवर या दोन गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी आल्या, तर माझ्या त्या शिक्षक मित्रासारख्या माणसाला दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच निर्णय घेता येईल. जिथे शक्य असेल तिथे दुकानात एक चाचणीचे कार्ड ठेवून ते ग्राहकाच्या फोनमध्ये घालून एक फोन करून दाखवावा. शहरात महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल दुकानांत हे सहज होऊ शकते.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते. कंपनी बदलल्यानंतरच्या पहिल्या १५ दिवसांत ग्राहकाला ९० दिवसांची अट न लावता परत फिरता यावे, निदान नव्या कंपनीने दिलेली चिठ्ठी चुकीची निघाल्यास किंवा दिलीच नसल्यास तरी. वारंवार कंपनी बदलत राहणाऱ्यांमुळे यंत्रणेवर ताण येतो, हे मला मान्य आहे आणि ९० दिवसांची अट सरसकट काढावी असे माझे म्हणणे नाही. एका पोर्टिंगमागे एकदाच वापरता येईल असा हा हक्क ठेवला, तर त्याचा गैरवापर होण्याची भीती राहत नाही. उलट, ग्राहक परत जाऊ शकतो हे माहीत असल्यावर कंपन्या ‘सगळीकडे फुल रेंज’ असे सांगण्यापूर्वी स्वतःच नकाशा उघडून पाहतील.

याला जोडूनच पैशांचा मुद्दा येतो. पोर्टिंग झाले की जुन्या कंपनीकडील शिल्लक रक्कम आणि रिचार्जची उरलेली मुदत बुडते. महिन्याच्या रिचार्जमध्ये हे नुकसान सोसण्याजोगे असते. परंतु डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत गेली आहे, आणि कांद्याचे किंवा द्राक्षांचे पैसे हाती आले की वर्षाचे रिचार्ज एकदाच करून टाकणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. अशा माणसाच्या गावातील टॉवर सहा महिन्यांनी नीट चालेनासा झाला, तर त्याला पोर्टिंगचा हक्क कागदावरच राहतो, कारण तो बजावण्यासाठी अर्ध्या वर्षाचे पैसे सोडावे लागतात. न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळावेत.

कंपन्यांकडून आक्षेप येईल की फोन आम्ही विकलेला नाही, तेव्हा त्याची जबाबदारी आमची कशी? फोनची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकतच नाही. ज्या कंपनीच्या फलकांवर ५जीची आणि गावोगावच्या सेवेची जाहिरात असते, तिने समोर आलेल्या माणसाला ‘तुमच्या फोनवर हे मिळेल आणि हे मिळणार नाही’ एवढे सांगावे, ही जबाबदारी तिचीच आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा उल्लेख स्पष्टपणे आहे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येतात असा निर्णय दिला आहे. तथापि दोनशे-तीनशे रुपयांच्या रिचार्जसाठी कोणी मजुरी बुडवून मंचाच्या पायऱ्या चढत नाही. वैयक्तिक तक्रारी प्राधिकरण स्वतः हाताळत नाही, त्या कंपनीचे तक्रार केंद्र आणि मग तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जातात; म्हणूनच तक्रार उद्भवूच नये असा नियम करणे आपल्या हातात आहे आणि तो आपण करावा, अशी विनंती आहे.

येथे सिंहस्थाचाही उल्लेख करायला हवा. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर परिसरात गर्दीच्या काळापुरती जादा यंत्रणा उभी करावी लागेल. त्या काळात मिळणाऱ्या रेंजवर विसंबून कोणी कंपनी बदलली आणि मेळा उलगडल्यावर ती यंत्रणा हलवली गेली, तर फसगत होईल. तात्पुरते टॉवर चिठ्ठीवर आणि नकाशावर वेगळे दाखवावेत.

हे पत्र खुले असल्याने ते वाचणाऱ्या ग्राहकांसाठीही थोडे लिहितो. नियम बदलेपर्यंत, कंपनी बदलण्यापूर्वी ज्या कंपनीकडे जायचे तिचे कार्ड शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून तासाभरासाठी मागून आपल्याच फोनमध्ये घालावे, घराच्या आतल्या खोलीतून आणि शेतातून त्यावरून बोलून पाहावे. बोलणे लागते आणि इंटरनेट मात्र चालत नाही असे झाले, तर फोनच्या सेटिंगमधील एपीएनची, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीची नोंद नव्या कंपनीप्रमाणे आहे का ते आधी पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये वित्तसंस्थेचे नियंत्रण असू शकते, त्याची चौकशी त्या संस्थेकडे करावी. नवे कार्ड सुरू होण्याच्या सुमारास काही तास फोन बंद राहतो आणि त्यानंतर यूपीआयची पडताळणी पुन्हा मागितली जाऊ शकते, म्हणून बाजार समितीत माल नेण्याच्या दिवशी किंवा हप्ता भरण्याच्या तारखेला हा बदल ओढवून घेऊ नये. यूपीसी कोणालाही फोनवरून सांगू नये.

महोदय, नवे विनियम करण्यापूर्वी आपण सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करता आणि खुल्या चर्चाही घेता. पोर्टिंगच्या विनियमांत पुढील दुरुस्ती हाती घ्याल, तेव्हा या तीन मागण्या आणि शिल्लक रकमेचा मुद्दा मसुद्यात घ्यावा, मसुदा मराठीतही उपलब्ध करावा, मराठीत पाठवलेल्या सूचना स्वीकाराव्यात आणि एक खुली चर्चा महानगराबाहेर, नाशिकसारख्या डोंगर आणि शहर दोन्ही असलेल्या जिल्ह्यात घ्यावी. त्या चर्चेला पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील काही ग्राहकांना त्यांच्या हातातील फोनसह घेऊन येण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
नाशिक येथील एक मोबाइल ग्राहक